वकिलीच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी

इंद्रायणीच्या काठी, वर देहू आणि खाली आळंदी अशा दोन तीर्थांच्या मधल्या पट्ट्यात चिखली हे गाव वसले आहे. टाळगाव चिखली हे त्याचे लोकांच्या तोंडी असलेले नाव. तुकोबांच्या टाळांची आठवण परंपरेने त्या नावात जपली गेली आहे. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि पाहता पाहता त्याचे रूप पालटले. जेथे शेते होती तेथे लहानमोठी वर्कशॉपे उभी राहिली; भोसरी, तळवडे आणि चाकण येथील कारखान्यांत पाळीपाळीने कामास जाणारी कुटुंबे नव्या इमारतींत राहावयास आली; आणि पूर्वी गावच्या चावडीवर मिटणारी भांडणे न्यायालयाची पायरी चढू लागली.

कायदा ही पुण्यामुंबईच्या बड्या लोकांची बाब आहे, असे चिखलीतील मनुष्यास आता म्हणता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखली भागातील भंगारमालाची गोदामे व लहान कारखाने यांवर महापालिकेने मोठी कारवाई केली. त्याच वर्षी मे महिन्यात इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार पाडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयातही घरमालकांना दिलासा मिळाला नाही. नदीच्या हिताच्या दृष्टीने तो आदेश योग्यच असेल. परंतु जागा घेतेवेळी तिचे कागद एखाद्या जाणत्या माणसाने नीट वाचून दाखविले असते तर, हा विचार त्या दिवसांत अनेकांच्या मनास शिवून गेला असल्यास नवल नाही. सातबारा, भाडेकरार, कंत्राटी नोकरी, गृहनिर्माण संस्थेचा जमाखर्च, अपघाताची नुकसानभरपाई, ह्या सर्व गोष्टी ज्या वस्तीत रोजच्या झाल्या, त्या वस्तीतील आईबापांना आपल्या मुलाने किंवा मुलीने कायदा शिकावा असे वाटू लागणे स्वाभाविकच आहे.

आणि येथेच एक प्रश्न उपस्थित होतो. वरकरणी तो केवळ नियमावलीतील एका कलमाचा प्रश्न दिसतो. वस्तुतः तो कित्येक कुटुंबांच्या वर्षा-दीड वर्षाचा प्रश्न आहे. कायद्याचे शिक्षण अजून पुरे झालेले नाही, शेवटच्या सत्राचा निकाल लागावयाचा आहे, अशा विद्यार्थ्यास वकिलीच्या व्यवसायात प्रवेश देणाऱ्या परीक्षेस बसता यावे की नाही? कारखान्यातून दुसऱ्या पाळीहून आलेला बाप मुलीला विचारतो, “अगं, कॉलेजची परीक्षा तर संपली, आता तू वकील कधी होणार?” मुलगी उत्तर देते, “बाबा, अजून एक परीक्षा आहे, आणि तिचा फॉर्म भरायला आधी हा निकाल लागायला पाहिजे.” बापाला हे उत्तर पटत नाही. एका परीक्षेसाठी दुसऱ्या परीक्षेच्या निकालाची वाट पाहावयाची, आणि त्या निकालास विलंब झाला तर पुढच्या वर्षाची, ह्यात न्याय कोणता, असे त्याला वाटते. त्याच्या ह्या शंकेचा विचार शांतपणे करणे अगत्याचे आहे.

ह्या विषयात एक घोटाळा नेहमी होतो. परीक्षेस बसण्याची पात्रता, परीक्षेतील यश आणि व्यवसाय करण्याचा अधिकार ह्या तीन गोष्टी एकच आहेत असे समजले जाते. वास्तविक त्या तीन निरनिराळ्या आहेत. पहिलीत फक्त विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न असतो. तो नापास झाला तर नुकसान त्याचे एकट्याचे होते. तिसरीत मात्र दुसऱ्या माणसाचा प्रश्न येतो. कारण सनद हाती आली की कोणी तरी अशील आपले घर, आपली नोकरी, प्रसंगी आपले स्वातंत्र्य त्या वकिलाच्या स्वाधीन करितो. म्हणून पहारा जो कडक असावयाचा तो ह्या तिसऱ्या दरवाजावर. पहिल्या दरवाजावर तितकाच कडक पहारा ठेवला तर अशिलाचे रक्षण तिळमात्र वाढत नाही; विद्यार्थ्याचा काळ मात्र फुकट जातो.

हा भेद महाराष्ट्राच्या इतिहासात फार पूर्वीच दिसून आला आहे. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या विदुषीचे उदाहरण ह्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑक्सफर्ड येथे कायद्याची उच्च परीक्षा देण्याची त्यांची इच्छा होती. त्या विद्यापीठात स्त्रियांना तेव्हा पदवी मिळत नसे. त्यांच्यासाठी खास ठराव होऊन १८९२ साली त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले, आणि त्या उत्तीर्णही झाल्या; पदवी मात्र त्यांच्या हाती १९२२ साली पडली. इकडे मुंबई विद्यापीठाची कायद्याची परीक्षा त्यांनी १८९७ साली दिली, अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा १८९९ साली दिली. तथापि स्त्री म्हणून सनद त्यांना वीसहून अधिक वर्षे नाकारण्यात आली. केवळ स्त्री आहे म्हणून कोणास वकिलीस मनाई करता येणार नाही असा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. येथे परीक्षेचा दरवाजा आधी उघडला आणि सनदेचा दरवाजा अन्यायाने बंद राहिला. पण त्यातूनच एक गोष्ट सिद्ध झाली: परीक्षेस बसू दिल्याने कोणाचेही काही बिघडले नाही, उलट पात्रता कागदावर सिद्ध झाल्यामुळे नकार देणाऱ्यांची बाजू लंगडी पडली.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१६ साली लंडनमध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ह्या संस्थेत अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते, आणि त्याच वर्षी बॅरिस्टरीच्या शिक्षणासाठी त्यांनी ग्रेज इन ह्या संस्थेतही नाव दाखल केले. इंग्लंडातील पद्धती अशी होती की विद्यार्थ्याने प्रथम इनमध्ये प्रवेश घ्यावयाचा, ठरलेल्या सत्रांत तेथील भोजनास हजर राहावयाचे, परीक्षा द्यावयाच्या, आणि सर्व अटी पुऱ्या झाल्यावरच त्यास बॅरिस्टर म्हणून बोलाविले जावयाचे. म्हणजे विद्यार्थी असतानाच तो व्यवसायाच्या अंगणात वावरू लागे. घरात प्रवेश मात्र शेवटी मिळे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे आंबेडकरांना परत यावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. ज्याच्या गाठीशी पैसा नाही त्याच्या आयुष्यात महिन्यांचे मोल काय असते, हे ह्या मधल्या तीन वर्षांवरून समजण्यासारखे आहे. दोन अभ्यास एकाच वेळी चालविण्याची मुभा ही गरीब विद्यार्थ्याच्या बाबतीत चैनीची गोष्ट नव्हे. तीच त्याची एकमेव संधी असते.

आपल्याकडे त्या काळी वकिलांचे अनेक वर्ग होते. विद्यापीठाची पदवी घेऊन वकील होता येई, तसेच परीक्षा देऊन प्लीडरही होता येई; लोकमान्य टिळकांनी, जे स्वतः १८७९ साली एल्‌एल. बी. झाले होते, अशा परीक्षांस बसणाऱ्यांसाठी पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला होता. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टाने हे निरनिराळे वर्ग मोडून अ‍ॅडव्होकेट हा एकच वर्ग ठेवला. ह्या कायद्याच्या २४ व्या कलमान्वये सनद मागणाऱ्याचे वय २१ वर्षे पुरे असावे आणि त्याच्याजवळ मान्य विद्यापीठाची कायद्याची पदवी असावी, ह्या मुख्य अटी आहेत. आरंभी पदवीनंतर उमेदवारी व परीक्षा यांचीही अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गळाली. १९९५ साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक वर्षाच्या उमेदवारीचे नियम पुन्हा केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली व्ही. सुधीर ह्यांच्या खटल्यात ते रद्द ठरविले. त्यानंतर २०१० साली कौन्सिलने अखिल भारतीय वकिली परीक्षा, म्हणजे जिला विद्यार्थी ऑल इंडिया बार एक्झामिनेशन म्हणून ओळखतात ती, सुरू करण्याचे ठरविले, आणि पहिली परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली.

ह्या परीक्षेचे स्वरूप थोडक्यात सांगणे जरूर आहे. शंभर प्रश्न, प्रत्येकाची पर्यायी उत्तरे दिलेली. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. टिपा नसलेली मूळ कायद्याची पुस्तके जवळ ठेवण्यास परवानगी. आणि मराठीतूनही परीक्षा देण्याची सोय. २०२४ च्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यास सर्वसाधारण उमेदवारास ४५ गुण व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास ४० गुण आवश्यक होते. नव्या पदवीधरास राज्याच्या बार कौन्सिलकडून आधी तात्पुरती सनद मिळते आणि दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण होण्याची हमी त्याला द्यावी लागते. महाराष्ट्र आणि गोवा यांची बार कौन्सिल एकच आहे. मुदतीत परीक्षा उत्तीर्ण झाली नाही तर ती होईपर्यंत वकिली थांबते.

ह्या परीक्षेच्या वैधतेसंबंधीचा वाद शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. बोनी फोई लॉ कॉलेजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या खटल्याचा निकाल १० फेब्रुवारी २०२३ रोजी लागला. अशी परीक्षा घेण्याचा अधिकार बार कौन्सिलला आहे, असे न्यायालयाने ठरविले, १९९९ चा निर्णय रद्दबातल केला, आणि परीक्षा सनदेच्या आधी घ्यावयाची की नंतर, हे ठरविण्याचे काम कौन्सिलवर सोपविले. परंतु विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्या निकालातील एक लहानसा भाग फार मोलाचा होता. न्यायालयास साहाय्य करणाऱ्या ज्येष्ठ वकिलांनी सुचविले की, शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात जाण्यास लागणाऱ्या सर्व परीक्षा जो विद्यार्थी उत्तीर्ण झाला आहे त्याला, तसा पुरावा दाखविल्यावर, ही परीक्षा देऊ द्यावी. मात्र तिचा निकाल त्याने पदवीचा अभ्यासक्रम पुरा करण्यावर अवलंबून राहावा. न्यायालयाला ही सूचना पटली.

निकाल लागला म्हणजे तो लगेच अंमलात येतोच असे नाही. २०२४ च्या परीक्षेची जाहिरात निघाली तेव्हा अर्ज फक्त पदवीधरांपुरता ठेवण्यात आला होता. दिल्ली विद्यापीठातील काही विद्यार्थी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अंतरिम आदेश देऊन, घटनापीठाच्या निकालाप्रमाणे जे पात्र ठरतात त्या विद्यार्थ्यांचे अर्ज घ्यावेत असे फर्माविले. चंद्रचूड घराण्याचे मूळ गाव कन्हेरसर हे खेड तालुक्यातील. म्हणजे चाकणच्या कारखान्यांचा परिसर ज्या तालुक्यात मोडतो त्याच तालुक्यातील. चिखलीच्या विद्यार्थ्यास ह्या योगायोगाचे थोडे कौतुक वाटल्यास त्यास दोष देता येणार नाही. ती परीक्षा पुढे २२ डिसेंबर २०२४ रोजी झाली आणि तिचा निकाल मार्च २०२५ मध्ये लागला.

आता ह्या सवलतीस विरोध करणाऱ्यांचे म्हणणे ऐकणे इष्ट आहे. कारण ते सर्वस्वी पोकळ नाही. त्यांचा पहिला आक्षेप असा की, अशा विद्यार्थ्याचे लक्ष दोन परीक्षांत विभागले जाईल आणि पदवीचा अभ्यास कच्चा राहील. परंतु वकिलीच्या परीक्षेत विचारले जाते ते घटना, दिवाणी व फौजदारी कायदे, करार, पुरावा, कुटुंब, मालमत्ता, कामगार इत्यादी विषयांचेच. तेच तर विद्यार्थी महाविद्यालयात शिकत असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीने दोन नवे कायदे अंमलात आले. वर्गात ते नुकतेच वाचलेला विद्यार्थी ह्या परीक्षेस वर्षभरानंतरच्या पदवीधरापेक्षा अधिक ताजा असण्याचा संभव आहे. एका शिदोरीवर दोन मजला होत असतील तर ती मोडून घ्यावी कशाला?

दुसरा आक्षेप असा की, वकिलीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पदवीच्या परीक्षेत नापास झाला तर काय? ह्याचे उत्तर न्यायालयाच्या शब्दांतच आहे. त्याचा निकाल पदवीवर अवलंबून राहील; पदवी नाही तर सनद नाही. एका हातात परीक्षेचे प्रमाणपत्र असले तरी दुसऱ्या हातात पदवी नसेल तर बार कौन्सिलच्या दारात त्याला कोणी आत घेणार नाही. ह्यात अशिलाला धोका कोठे आहे?

तिसरा आक्षेप खोट्या कागदपत्रांचा. बनावट पदव्या घेऊन वकिली करणारे लोक सापडतात, ही लाजिरवाणी गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पण तिचा बंदोबस्त पदवीची पडताळणी कसून करण्यानेच व्हावयाचा. पडताळणीची ती वेळ सनद देण्याची असते. परीक्षेचा फॉर्म घेण्याची नव्हे. चोर पकडावयाचा असेल तर पहारा तिजोरीच्या खोलीवर बसवावा. अंगणात खेळणाऱ्या मुलांची झडती घेऊन काय साधणार?

ह्या उत्तरांनी तत्त्वाचा प्रश्न सुटतो. व्यवहाराचा मात्र तेवढ्याने सुटत नाही. पात्रतेचा नियम आणि पंचांग यांचा मेळ बसला नाही तर मिळालेला हक्क कागदावरच राहतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात सहा सत्रे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात दहा सत्रे असतात; शेवटचे सत्र सर्वसाधारणपणे जानेवारीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. वकिलीची परीक्षा मात्र २०२३ साली फेब्रुवारी आणि डिसेंबरात, २०२४ साली डिसेंबरात आणि २०२५ साली ३० नोव्हेंबरला झाली. नोव्हेंबर-डिसेंबरात शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी शेवटच्या सत्रात नसतोच. तो त्याच्या आधीच्या सत्राच्या परीक्षेत किंवा तिच्या निकालाच्या प्रतीक्षेत असतो. मग “शेवटच्या सत्रात जाण्यास पात्र” असल्याचा पुरावा त्याने आणावा कोठून? म्हणून वसंत ऋतूत, शेवटचे सत्र चालू असताना, एक परीक्षा नियमाने होणे हे ह्या हक्काचे खरे मर्म आहे. परीक्षेची तारीख वर्षानुवर्षे ठरलेली असेल, तर विद्यापीठांनाही आपले निकाल त्या बेताने लावण्याची जबाबदारी टाळता येणार नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, तात्पुरती सनद दोन वर्षे चालते, मग एवढी घाई कसली? चिखलीतील त्या घराकडे पाहिले म्हणजे ह्याचे उत्तर मिळते. वकिलीची पहिली वर्षे ही सर्वांत तंगीची वर्षे असतात. सीनिअरच्या हाताखाली काम करावे, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात किंवा पिंपरी-चिंचवडच्या न्यायालयात तारखांना हजर राहावे, आणि महिनाअखेर हाती यावे ते येण्याजाण्याच्या खर्चापलीकडे फारसे नसावे, असा अनुभव अनेकांचा असतो. त्यात परीक्षेचे शुल्क साडेतीन हजार रुपयांच्या घरात. शिवाय कोट, गाऊन, पुस्तके. सनदेच्या शुल्काविषयी तरी सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार यांच्या खटल्यात मोठा दिलासा दिला: कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक नोंदणीशुल्क घेता येणार नाही असे त्याने ठरविले. शुल्काच्या बाबतीत जे तत्त्व मान्य झाले तेच काळाच्या बाबतीतही लागू आहे. ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे त्याला परीक्षेची टांगती तलवार घेऊन वर्षभर थांबता येते. ज्याच्या घराचे हप्ते बापाच्या जादा कामाच्या पगारातून जातात त्याला ते परवडत नाही. तो मग एखाद्या कंपनीच्या कार्यालयात मिळेल ती कारकुनी पत्करतो, आणि वस्तीला जो आपला वकील मिळावयाचा तो मिळत नाही.

ह्या विवेचनाचा अर्थ सर्वच दरवाजे विद्यार्थ्यास सताड उघडे असावेत असा मात्र नाही. कायद्याच्या अभ्यासक्रमाचा पहिला दरवाजा तर आधीच उघडा आहे: महाराष्ट्रात २०१६ पासून घेतल्या जाणाऱ्या सामाईक प्रवेश परीक्षेस बारावीच्या वर्षातील किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी बसू शकतो, आवश्यक गुणांची गुणपत्रिका त्याने प्रवेशाच्या वेळी दाखवावयाची असते. वकिलीच्या परीक्षेसही तेच तत्त्व लावावे, इतकीच मागणी आहे. न्यायाधीशाच्या परीक्षेची गोष्ट निराळी. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली घातली, शेट्टी आयोगाच्या शिफारशींनंतर २००२ साली ती काढली, आणि २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा घातली. हा काळ तात्पुरत्या सनदेच्या दिवसापासून मोजावा असेही सांगितले. हुशार पदवीधरांना, विशेषतः घरची जबाबदारी असलेल्यांना, ही अट जाचक वाटते, आणि त्यांचे दुःख खरे आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखा पुरुष वकिलीचा व्याप न करिताही न्यायासन भूषवू शकला, हाही दाखला पुढे केला जातो. पण नियम हे रानड्यांसाठी करावयाचे नसतात. ते सर्वसाधारण माणसांसाठी करावयाचे असतात. न्यायासनावर बसणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांचे भवितव्य येते, आणि साक्षीदार खोटे बोलत आहे की घाबरला आहे हे ओळखण्याचे ज्ञान परीक्षेच्या दालनात तपासता येत नाही. तेथे काळाची अट अनुभवाची अट आहे. वकिलीच्या परीक्षेपूर्वी घातलेली काळाची अट मात्र कोणताच अनुभव देत नाही. ती केवळ प्रतीक्षा असते. ह्या दोहोंत गल्लत करू नये.

शेवटी, विद्यार्थ्यांनी स्वतः काय करावे ह्याविषयी दोन शब्द. हक्क मिळाला तरी तो घेण्याची तयारी लागते. ज्याच्या मागे एटीकेटी राहिली आहे त्याला ही सवलत लागू पडणे कठीण. म्हणून प्रत्येक सत्राचे विषय त्या त्या वेळीच सोडवावेत. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका आणि शेवटच्या सत्रातील प्रवेशाचे महाविद्यालयाचे पत्र जपून ठेवावे. दहावीच्या प्रमाणपत्रावरील, आधारपत्रावरील आणि महाविद्यालयाच्या नोंदीतील नाव अक्षरशः एकच आहे ना, हे आधीच पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे ह्या एका कारणाने अर्ज अडकतात. परीक्षेची जाहिरात त्या त्या वर्षी बारकाईने वाचावी. गेल्या वर्षीचे ऐकीव ज्ञान ह्या वर्षी उपयोगी पडेलच असे नाही. मूळ कायद्याचे पुस्तक जवळ ठेवता येते म्हणून अभ्यास न करणे हा शुद्ध आत्मघात होय. कलम कोठे आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याला पुस्तक उघडे असून नसल्यासारखेच. आणि पालकांनी निकालाच्या दिवसांत मुलांवर चिडण्याऐवजी त्या जाहिरातीची तारीख त्यांच्या बरोबरीने लक्षात ठेवावी.

वकील हा न्यायदानाच्या कामातील एक अधिकारी मानला जातो. त्याच्याकडून जी काटेकोर तयारी अपेक्षित आहे ती त्याने दाखवावी, ह्यात वाद नाही. परंतु तयारी दाखविण्याची संधी लवकर मिळाली तर तयारी कमी होते, असा अनुभव कोठेही नाही. उन्हाळ्यात पदवीचा निकाल लागावा, वकिलीच्या परीक्षेचा निकाल त्याच सुमारास हाती असावा, आणि पावसाळा सुरू होताना चिखलीच्या त्या मुलीने पक्क्या सनदेवर आपले पहिले वकीलपत्र दाखल करावे, इतका साधा क्रम नियमांतून आणि तारखांतून निर्माण करणे अशक्य नाही. घटनापीठाने त्याची वाट २०२३ सालीच दाखविली आहे. आता प्रश्न उरला तो परीक्षांच्या तारखा आणि विद्यापीठांचे निकाल त्या वाटेने चालविण्याचा.